वेदनेचा पॅच घरी लावणार असाल तर

आईचा पहिला पॅच सिस्टरनी माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा मनात आलं, एवढंसं? टपाल तिकिटाएवढा पारदर्शक तुकडा. आदल्या महिनाभर गोळ्यांनी न थांबलेलं हाडांचं दुखणं हा थांबवणार?

थांबवलं. पण तो तुकडा सांभाळायला शिकण्यात आमचे पहिले दोन महिने गेले, आणि एकदा तर आम्ही मोठ्या संकटाच्या अगदी उंबरठ्यावर जाऊन आलो. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे. गोव्यात डिचोलीच्या घरी आईला नऊ महिने पॅच लावले, तेवढीच माझी पात्रता. डोस किती, कधी वाढवायचा, कधी बंद करायचा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मी लिहितेय ते इस्पितळाच्या दारातून बाहेर पडल्यानंतरचं.

१. पाकिटावरचं नाव आधी वाचा

‘पॅच’ म्हटलं की आपल्याकडे सगळे एकाच टोपलीत जातात. कंबरेला लावायची डायक्लोफिनॅकची पट्टी, सिगारेट सोडायचा निकोटिनचा पॅच, हृदयासाठी नायट्रोग्लिसरिनचा, आणि कॅन्सरच्या वेदनेसाठी फेन्टानिलचा किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा. शेवटचे दोन अफूच्या जातकुळीतले आहेत. हा लेख त्यांच्यापुरताच.

फेन्टानिलचा पॅच साधारण ७२ तासांनी बदलतात. त्यावर १२, २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा असतो. तासाला तेवढे मायक्रोग्रॅम औषध अंगात जातं. ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच सहसा सात दिवसांचा असतो. आमच्याच वॉर्डात एका कुटुंबाने या दोन्हींची गल्लत केली होती: तीन दिवसांचा पॅच आठवडाभर ठेवला आणि चौथ्या दिवसापासून पेशंट कळवळतोय म्हणून डॉक्टरांवर चिडले. नाव, आकडा आणि किती दिवसांचा, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा.

आणखी एक. फेन्टानिलचा पॅच पहिलं औषध म्हणून देत नाहीत. आधी मॉर्फिनसारख्या औषधाची शरीराला सवय झालेली असावी लागते. म्हणून आमची शेजारीण मावशी ‘माझ्या गुडघ्याला एक दे गो’ म्हणाली तेव्हा मी हसून विषय बदलला नाही; स्पष्ट नाही म्हटलं. तिच्यासारख्या सवय नसलेल्या माणसाचा श्वास एका पॅचने थांबू शकतो.

२. हे आत जातं कसं, आणि डायबेटिसचा पॅच का नाही

घाई असेल तर हा भाग सोडून द्या. पण पॅच लावलेला दिसला की गोव्यात प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो, म्हणून लिहिते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या देशभरच्या डायबेटिस पाहणीत डायबेटिसचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे दर दुसऱ्या पाहुण्याला इन्सुलिनचा पॅच हवा असतो.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, पण बाहेरचं आत येऊ न देण्यात पक्का. त्यातून झिरपायला रेणू लहान हवा आणि चरबीत विरघळणारा हवा. ढोबळ हिशेब सांगतात तो ५०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप), त्याहून जड रेणू अडतो. फेन्टानिल साधारण ३३६, म्हणजे सहज जातं. इन्सुलिन ५,८०० च्या आसपास. ते नुसतं चिकटवून आत जाणार नाही. दंडावर गोल चकती लावून फिरणारे दिसतात, तो साखर मोजणारा सेन्सर असतो, औषध देत नाही. सुईशिवाय औषध आत घालायचा दुसरा मार्ग म्हणजे जोराच्या दाबाने बारीक फवारा कातडीतून आत मारणारं यंत्र. २०२१ मध्ये मंजूर झालेली झायकोव्ह-डी ही कोविडची लस तशी देत. तो प्रकार वेगळा. त्यामुळे ‘इन्सुलिन पॅच, घरपोच’ अशी जाहिरात मोबाइलवर आली तर पैसे पाठवू नका.

३. कागद जमवा, मगच फार्मसीची पायरी चढा

फेन्टानिल १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेन्टानिल अशा औषधांचा ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळा गट केला आणि इस्पितळांना ती ठेवणं सोपं झालं. कोपऱ्यावरच्या फार्मसीत मात्र ती असतीलच असं नाही. मी पहिल्या दिवशी तीन दुकानं फिरले. एकाने तर चिठ्ठी वाचून माझ्याकडे असं पाहिलं, की मी कळंगुटच्या किनाऱ्यावर विकायलाच नेतेय. रडू आलं होतं.

तेव्हा आधी ज्या इस्पितळात उपचार चालू आहेत, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की खासगी, तिथल्याच पेन क्लिनिकमध्ये किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात वेदना, त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या) माणसांना विचारा, की औषध कुठून न्यायचं. सोबत हे ठेवा:

- चालू तारखेची मूळ चिठ्ठी. त्यावर पेशंटचं पूर्ण नाव, औषधाचं नाव, आकडा, किती पॅच (आकड्यात आणि अक्षरात), डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. एक गोष्ट राहिली तरी परत जावं लागतं.
- इस्पितळाची फाइल, निदानाचा कागद दिसेल अशी.
- पेशंटचं आणि औषध न्यायला आलेल्याचं, दोघांचं ओळखपत्र.
- या सगळ्याच्या झेरॉक्स, दोन संच. एक घरात, एक पर्समध्ये.

पर्समधला संच प्रवासासाठी. ताई सावंतवाडीला असते, आईला तिच्याकडे चार दिवस न्यायचं होतं. डोडामार्गावरून गेलो काय किंवा पत्रादेवीवरून, सीमेवरच्या चेकनाक्यावर पिशवी उघडायला सांगितली तर पॅचबरोबर चिठ्ठी दाखवता यायला हवी. आमची पिशवी कोणी उघडली नाही, पण मी वाटभर ती चिठ्ठी हातात धरून बसले होते.

महिन्याला दहा पॅच लागतात. दोन उरले की नव्या चिठ्ठीच्या मागे लागा, एक उरेपर्यंत थांबू नका. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात ओपीडीपासून फार्मसीपर्यंत सगळ्यांचीच सुट्टी गाठ पडते.

४. वही घाला

७२ तास म्हणजे वार सरकत जातो. सोमवारी सकाळी नऊला लावला तर पुढचा गुरुवारी, मग रविवारी, मग बुधवारी. ‘आईचा पॅच सोमवारी’ असं डोक्यात बसलं की गोंधळ झालाच. आम्ही कालनिर्णयवर तीन महिन्यांच्या खुणा एकदम करून टाकल्या, आणि दोनशे पानी वहीत प्रत्येक वेळी एक ओळ: तारीख, वेळ, जागा (उजवी पाठ, डावा दंड), जुना काढला का, कोणी लावला.

‘जुना काढला का’ हा रकाना मी नंतर वाढवला. दादा मुंबईहून आला होता, त्याने मोठ्या प्रेमाने नवीन पॅच छातीला लावला. पाठीवरचा जुना तसाच. संध्याकाळी अंग पुसताना मला दिसला. पारदर्शक पॅच गोऱ्या अंगावर खरंच दिसत नाही, बोटं फिरवूनच शोधावा लागतो.

५. लावताना

लागणारं सामान फार नाही: साधं पाणी, मऊ फडका, बोथट टोकांची कात्री, कागदी मेडिकल टेप, बारीक पेन, वही.

छाती, पाठ, कूस किंवा दंडाचा वरचा भाग, जिथे कातडी सपाट आहे आणि ओरखडा, पुरळ, जखम नाही, अशी जागा निवडा. रेडिएशन दिलेली जागा नको. पेशंट गोंधळलेला असेल, काढून टाकत असेल, तर पाठीच्या वरच्या भागाला लावा, हात पोचत नाही. केस असतील तर कात्रीने कापा. वस्तऱ्याने नाही, कारण कातडी सोलते आणि औषध जास्त शिरतं.

जागा नुसत्या पाण्याने पुसा. साबण, स्पिरिट, पावडर काही नको. आणि खोबरेल तेल! आईला न्हाण्याआधी पाठीला तेल चोळून घ्यायची साठ वर्षांची सवय. पहिले दोन पॅच त्यामुळेच सुटले आणि आम्ही कंपनीला दोष देत बसलो. पॅचच्या दिवशी तेल बंद, असा तह झाला. बाकीच्या दिवशी फक्त पायांना.

पूर्ण कोरडं होऊ द्या. पाकीट कडेने कापा. पॅच कापला जाता कामा नये. अर्धा डोस हवा म्हणून पॅच अर्धा कापणं हा तर घातक प्रकार, काही पॅचमधलं औषध त्याने भसकन बाहेर येतं. मागचा कागद सोला, चिकट बाजूला बोट लावू नका, जागेवर ठेवा आणि तळहाताने तीस सेकंद दाबून धरा. आई तेवढ्यात मनातल्या मनात ‘शुभं करोति’ म्हणायची, आमचं घड्याळ तेच. मग कडा बोटांनी दाबा, हात पाण्याने धुवा. औषध हाताला लागलं असं वाटलं तरी पाण्यानेच. साबणाने ते उलट जास्त शिरू शकतं.

तारीख-वेळ मी पॅचवर लिहीत नसे. टोकदार पेनाने तो फाटायची भीती. टेपच्या तुकड्यावर लिहून शेजारी चिकटवायची. पुढच्या वेळी जागा बदला.

६. उष्णता: इथे आम्ही चुकलो

हा भाग दोनदा वाचा.

पॅचखालची कातडी तापली की औषध आत जायचा वेग वाढतो. डोस तोच, पाकिटावरचा आकडा तोच, पण रक्तात जास्त जातं. डिसेंबरातली पहाट होती. डिचोलीची थंडी ती काय, पण आईची कंबर धरली होती. तिने स्वतःच गरम पाण्याची पिशवी मागून घेतली, पाठीशी ठेवली आणि पडून राहिली. पॅच तिथून चार बोटांवर. सकाळी दहाला मी वहिनीला म्हणाले, आज किती शांत झोपलीय बघ. आम्हाला बरं वाटलं. दुपारी पेज घेऊन गेले तर ती डोळे अर्धे उघडून परत मिटतेय. श्वास मोजले, मिनिटाला नऊ. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पॅच ओढून काढला, १०८ ला फोन केला, गाडी येईपर्यंत तिला हाका मारत, हलवत जागं ठेवलं. दोन दिवस इस्पितळात राहून ती परत आली, आणि आल्या आल्या विचारलं ते पिशवी कुठे आहे.

पिशवी माळ्यावर गेली. तिच्यासोबत हेही टाळा:

- न्हाणीतल्या भाणातलं (पाणी तापवायच्या हंड्यातलं) कढत पाणी. कोमट पाण्याने आंघोळ चालते, पॅच भिजला तरी हरकत नाही. कढत पाणी पाठीवर ओतायचं नाही.
- इलेक्ट्रिक शेक, गरम कपड्याचा शेक, निखाऱ्यांचा शेक. शेक द्यायला येणाऱ्या नातेवाइकांना दारातच सांगा.
- मे महिन्यात बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीत) उन्हाकडे पाठ करून बसणं.
- जाड रजई दोन-दोन.

ताप हीसुद्धा उष्णताच. अंग ४० अंशांवर गेलं तर रक्तातलं फेन्टानिल साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं, असा अंदाज औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरिया घरोघरी. पॅच असलेल्या माणसाला ताप आला की ‘बघू उद्या’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

नवीन पाकिटंही थंड जागी ठेवा: आतल्या खोलीतलं कुलुपाचं कपाट. स्वयंपाकघर नको, गाडीचा डॅशबोर्ड मुळीच नको.

७. घाम आणि सुटलेला पॅच

एप्रिल-मेचा उष्मा, त्यात वीज गेली की पॅचच्या कडा वर यायला लागतात. कडांना चारही बाजूंनी कागदी टेप लावा. पूर्ण निघून आला तर तोच परत चिकटवू नका: टाकून द्या, दुसऱ्या जागी नवीन लावा, ७२ तास नव्याने मोजा आणि फोन करून सांगा. पडलेला पॅच सापडेपर्यंत शोधा. चादर, उशीची खोळ, गाऊनचं अस्तर, पेशंटला उचलणाऱ्याचा हात. कुशीत झोपलेल्या नातवंडाच्या अंगाला तो चिकटू शकतो, आणि लहान मुलाला एवढंसं औषध जीवघेणं ठरतं. आमच्याकडे भाचीला आजीजवळ झोपायची मुभा होती, ती मी बंद केली. आई माझ्यावर आठवडाभर रुसली.

८. पहिला दिवस, पोट आणि बाकीच्या गोळ्या

लावल्या लावल्या आराम पडत नाही. पूर्ण परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास जातात. तोवरच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील, त्या चालू ठेवा. घाबरून दुसरा पॅच लावू नका. काढल्यावरही औषध कातडीत साठलेलं असतं, अर्ध्यावर यायला सतरा-अठरा तास, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणूनच डिसेंबरात पॅच काढूनही आईला इस्पितळात दोन दिवस ठेवलं.

बद्धकोष्ठता होणारच. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. पाणी कमी पिणाऱ्याला नुसता इसबगोल देऊ नका, आत गोळा होऊन बसतो.

झोपेच्या गोळ्या, खोकल्याची गुंगीची औषधं, दारू हे पॅचबरोबर जुळत नाही. ‘थोडी फेणी चोळा नाहीतर पाजा’ असं सांगणारा काका प्रत्येक घरात असतो, त्याला चहा द्या. बुरशीवरची आणि काही अँटिबायोटिक औषधं फेन्टानिलचं प्रमाण वाढवतात, तेव्हा नवीन डॉक्टरकडे गेलात तर पॅचबद्दल तोंडाने सांगा, ते पाठ उघडून बघत नाहीत. माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं असतं. आपण कुठे ग्रेपफ्रूट खातो, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच संकरित पिल्लू. पपनस आईच्या ताटात नको, एवढं मी पाळलं.

एमआरआय असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा. काही पॅचच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो आणि तो यंत्रात तापून भाजू शकतो.

आणि मनाने पॅच बंद करू नका. अंगाला सवय झालेली असते, एकदम तुटलं की घाम, कापरं, उलट्या.

९. कधी १०८

हाक मारून उठत नाही. श्वास मिनिटाला दहाच्या खाली, किंवा मध्येच थांबून घोरल्यासारखा. बाहुल्या अगदी बारीक. ओठ, नखं निळसर. यातलं काही दिसलं तर आधी पॅच काढा, मग फोन, आणि गाडी येईपर्यंत जागं ठेवा. गाडीतल्या माणसाला पहिलं वाक्य सांगा ते ‘फेन्टानिलचा पॅच होता, एवढ्या वाजता काढला’. यावर उतारा असतो, नॅलॉक्सोन. पण औषध कातडीतून येतच राहतं, म्हणून शुद्धीवर आल्या आल्या घरी आणायचा आग्रह धरू नका.

१०. वापरलेला पॅच

तीन दिवसांनी काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तो तसाच टाकलात तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला लागेल, नाहीतर पिशवी फाडणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात जाईल. चिकट बाजू आत येईल अशी दुमडा, दाबा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांची सूचना आहे, की दुमडून लगेच संडासात सोडा. आमच्या सिस्टरनीही तेच सांगितलं, आम्ही तेच केलं. तुमच्या इस्पितळात परत घेत असतील तर तिथे द्या. रिकामी पाकिटं मात्र मोजणीसाठी महिनाभर ठेवा.

११. उरलेले

आई ऑगस्टमध्ये गेली. तेराव्यानंतर कपाट उघडलं तर तीन पॅच शिल्लक होते. एका ओळखीच्याने विचारलं, महागाचे आहेत, आमच्या भावाला चालतील का. नाही दिले. न वापरलेला पॅच वापरलेल्याहून जास्त भरलेला असतो, आणि घरात उगाच ठेवणं कायद्यानेही बरं नाही. फाइल आणि तीन पाकिटं घेऊन मी इस्पितळात गेले. सिस्टरनी मोजले, रजिस्टरवर सही घेतली. मी बाहेर बाकावर बसून वहीत लिहिलं: तीन परत, सकाळी अकरा वाजता. ‘कोणी लावला’चा रकाना रिकामा राहिला.